शाळा सुटल्यावर कोण थांबतं?



जूनमध्ये शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले, नव्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली, की आमच्या शाळेत जिन्याखालच्या फळ्यावर एक यादी लागते. गाईड, आर.एस.पी., निसर्ग मंडळ, विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हस्तकला, कॉयर म्हणजे गाण्याचा गट, थ्रोबॉल, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी, वाय.सी.एस. आणि वाय.एस.एम. त्या दिवशी मधल्या सुट्टीत फळ्यापुढे इतकी गर्दी होते की मावशींना हातात घंटा घेऊन मुलींना जिन्यावरून खाली उतरवावं लागतं. डबा तसाच राहतो. "टीचर, मी दोन क्लब घेऊ का?" हा प्रश्न त्या दिवशी मला किमान वीस वेळा विचारला जातो.

मी वसई भागातल्या एका कॅथलिक मुलींच्या हायस्कूलमध्ये शिकवते. डी.एड. झाल्यापासून इथेच आहे, यंदाचं बारावं वर्ष. पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास-भूगोल माझ्याकडे आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या वर्गांत वसईतल्या जुन्या वाडीवाल्या ख्रिस्ती घरांतल्या मुली आहेत, तशाच कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून पोटासाठी इकडे आलेल्या घरांतल्याही आहेत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी "तुम्ही तरुण आहात, गाईड तुम्हीच घ्या" असं सांगून स्टाफरूमने ते काम माझ्या गळ्यात घातलं. सात दिवसांचं प्रशिक्षण शिबिर करून आले, तंबू ठोकायला शिकले, आणि खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं.

सहशालेय उपक्रमांमुळे व्यक्तिमत्त्व विकास होतो, हे आपण सगळेच पालकसभेत बोलतो. मीही बोलते. आज त्याबद्दल लिहायचं नाहीये. आज मी माझी एक चूक लिहिणार आहे. त्या चुकीमुळे आमच्या शाळेचं गुरुवारचं वेळापत्रक बदललं. तुमच्या शाळेतही कदाचित ती चूक होत असेल, आणि माझ्यासारखीच तुम्हालाही ती दिसत नसेल.

क्लबमध्ये नक्की काय चालतं?

आधी थोडी माहिती, कारण बऱ्याच पालकांना वाटतं की क्लब म्हणजे गॅदरिंगचा नाच.

गाईडचं उदाहरण घेऊ. १९०९ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस इथे स्काऊट मुलांचा मेळावा भरला होता. तिथे काही मुली न बोलावता आल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही हे करायचंय. त्यानंतर १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांनी बहीण ॲग्नेस हिच्या मदतीने मुलींसाठी गाईड सुरू केलं. १९११ मध्ये जबलपूरला भारतातलं पहिलं गाईड पथक निघालं. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि १९५१ मध्ये गाईडच्या मुली तिच्यात सामील झाल्या. गाईडची जगभरात जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं एक आपल्या पुण्यात आहे. 'संगम' नाव आहे त्याचं, १९६६ पासून. हे मी मुलींना दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगते. न बोलावता आलेल्या मुलींची गोष्ट त्यांना फार आवडते.

पथकात सहा ते आठ मुलींचे छोटे संघ असतात. आमच्या संघांना फुलांची नावं आहेत, मोगरा, चाफा, अबोली, जास्वंद. प्रत्येक संघाला एक संघनायिका, एक छोटा ध्वज. गाठी मारणं, प्रथमोपचार, दिशा ओळखणं, चुलीवर स्वयंपाक, आणि वर्षातून एकदा 'खरी कमाई'. त्यात मुली स्वतः कष्ट करून थोडे पैसे मिळवतात. आमच्या मुली सुकेळी विकतात, गजरे करतात, भेळेचा स्टॉल लावतात, आणि मग रुपया-रुपयाचा हिशोब वहीत मांडतात. त्या हिशोबाच्या दिवशी गणितात नापास होणाऱ्या मुलीही चुकत नाहीत, हे मी दरवर्षी बघते.

वाय.सी.एस. ही कॅथलिक मुलींची विद्यार्थी चळवळ आणि वाय.एस.एम. ही इतर धर्मांच्या मुलींसाठी तिचीच जोड. बेल्जियमचे एक धर्मगुरू होते, जोसेफ कार्डाइन. कारखान्यांत राबणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी त्यांनी १९२५ च्या सुमारास काम उभं केलं. त्यांची पद्धत तीन शब्दांची होती. पाहा, पारखा, कृती करा. आधी डोळे उघडून परिस्थिती पाहायची, मग हे असं का आणि हे बरोबर आहे का याचा विचार करायचा, आणि मग आपल्या हातून होईल तेवढं करायचं. आमच्या आठवीच्या मुली याच पद्धतीने शाळेजवळचा कचरा, कँटीनच्या रांगेतली ढकलाढकली असे विषय घेतात. पुढे या तीन शब्दांनी मलाच धडा शिकवला, तो सांगतेच.

आणखी एक गोष्ट फक्त मुलींच्या शाळेत दिसते. मी डी.एड.च्या सरावपाठांना मुला-मुलींच्या एकत्र शाळांत जायचे. तिथे कार्यक्रम असला की आपसूक वाटणी व्हायची. "मुलांनो, बेंच उचला. मुलींनो, रांगोळी काढा." आमच्याकडे बेंच उचलायला मुलीच, शिडीवर चढून पताका लावायला मुलीच, माइकची वायर जोडायला मुलीच आणि बँड पथकात मोठा ढोल गळ्यात अडकवून चालायलाही मुलीच. दुसरं कुणी नसतंच. आठवीपर्यंत "हे माझं काम नाही" असं त्यांच्या डोक्यात येत नाही. मला वाटायचं, अशा शाळेत तर कुणावर अन्याय होण्याचा प्रश्नच नाही.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. अभ्यासात मध्यम, बोलायला कमी, पण हात फार हुशार. बोलाइन नावाची गाठ मुलींना शिकायला आठवडा लागतो, हिने एकदा बघून पाठीमागे हात ठेवून मारून दाखवली. अबोली संघाच्या मुलींनी तिला एकमताने संघनायिका केलं.

तेव्हा आमचा गाईडचा वर्ग गुरुवारी शाळा सुटल्यावर असायचा. शाळा चार वीसला सुटते. साडेचार ते साडेपाच गाईड. जुलैभर ती आली. ऑगस्टमध्ये एका गुरुवारी नव्हती. पुढच्या गुरुवारी परत नाही. विचारलं तर म्हणाली, "टीचर, काम होतं." तिसऱ्या गुरुवारीही नाही.

माझा नियम होता. सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की संघनायिकापद जाणार. नियम सगळ्यांना माहीत होता, वहीत लिहिलेला होता. पुढच्या सोमवारी परिपाठ झाल्यावर मी तिला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं आणि अबोलीचा ध्वज दुसऱ्या मुलीकडे द्यायला सांगितलं. वर दोन वाक्यंही ऐकवली, "जबाबदारी घ्यायची तर पाळायला हवी. पद मिरवण्यासाठी नसतं." तिने ध्वज दिला, काठी नीट सरळ धरून दिली, आणि रांगेत मागे जाऊन उभी राहिली. रडली नाही. मला वाटलं, तिला काही वाटलंच नाही. म्हणजे मी योग्यच केलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी ओपन डे होता. तिची आई आली. वसई पूर्वेला एका गाळ्यात पॅकिंगचं काम करते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मराठीचा पेपर पाहिला, सही केली, उठली आणि परत बसली. म्हणाली, "टीचर, एक विचारू का? रागावू नका. तिचं नेमकं काय चुकलं? ती घरात सांगत नाही. पण आमच्या घरात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आहे, ती रोज रात्री सोडते, तिच्या गाठी मारत बसते, परत बांधते. मी म्हटलं, अगं कपडे कुठे घालू? तर म्हणते, आई, सवय जाईल गं."

मी गैरहजेऱ्यांचं सांगितलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "पाणी हो. ऑगस्टपासून आमच्या चाळीत पाण्याची वेळ बदलली. एक दिवसाआड पाच ते पावणेसहा. मी सातला येते, त्यांची रिक्षा रात्रीपर्यंत. धाकटा दुसरीत आहे, त्याची शाळा पाचला सुटते. मग पाणी कोण भरणार आणि त्याला कोण आणणार?"

मी म्हटलं, "मग तिने मला सांगायचं ना!"

आई म्हणाली, "सांगितलं ना तिने. काम होतं म्हणाली ती तुम्हाला."

पालकहो, मी गप्प बसले. खरंच, तिने सांगितलं होतं. मी पुढे एकही प्रश्न विचारला नव्हता.

पावणेसहाची एसटी

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण फक्त ती मुलगी नव्हती.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. हायस्कूलला तालुक्याच्या गावी एसटीने जायचे. आठवीत माझी खो-खोच्या संघात निवड झाली होती. मी चांगली खेळायचे, खांब मारून वळायचे तेव्हा सर टाळ्या वाजवायचे. सराव शाळा सुटल्यावर सहापर्यंत असायचा. आमच्या गावाला जाणारी शेवटची एसटी पावणेसहाची. मी रोज पंधरा-वीस मिनिटं आधी मैदान सोडून पळायचे. एक दिवस सरांनी यादी वाचली, त्यात माझं नाव नव्हतं. "सराव पूर्ण करत नाहीस, तर संघात कशी राहशील?" एवढंच म्हणाले. चांगले होते हो सर. त्यांनाही एसटीचं माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. मी त्यांना सांगितलंच नाही. तेरा वर्षांच्या मुलीला "आमच्या गावाला एसटी एकच आहे" हे सांगायची लाज वाटते, कारण तालुक्यातल्या मुलींना ती अडचणच नसते.

आणि तीच मी, वीस वर्षांनी, हातात शिट्टी घेऊन एका मुलीला तेच ऐकवत होते. मी ज्या बाजूला उभी राहून रडले होते ती बाजू मी विसरून गेले होते. शिक्षक झालं की आपण विसरतो का? की आपल्या हातात हजेरीची वही असते म्हणून आपल्याला फक्त "गैरहजर" एवढंच दिसतं?

पाहा, पारखा, कृती करा

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक साधा प्रश्न विचारला. डोळे मिटून हात वर करायला सांगितले, म्हणजे कुणी कुणाकडे बघणार नाही. "शाळा सुटल्यावर अर्ध्या तासात घरी पोचावंच लागतं, असं कुणाकुणाला आहे?" वर्गाच्या तिसऱ्या भागाहून जास्त हात वर आले. काही मुलींना धाकट्या भावंडांना आणायचं होतं. काहींना पाणी. काहींची रिक्षा ठरलेली, ती चुकली तर दुसरी नाही. वाडीतल्या दोघींना संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या असतात, कारण पहाटे फुलं दादरला जातात. एकीने नंतर हळूच सांगितलं, "टीचर, माझ्या पप्पांना मी उशिरा आलेली चालत नाही." ती चौदाचीही नव्हती.

मग मी आमच्या क्लबांच्या वह्या काढून बसले. कोण कुठे आहे? शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या सगळ्या क्लबांत त्याच त्या मुली होत्या. शाळेच्या जवळ राहणाऱ्या, घरी आजी किंवा आई असणाऱ्या, ज्यांना घ्यायला कुणीतरी येतं अशा. गाईडमध्येही त्याच, थ्रोबॉलमध्येही त्याच, वक्तृत्वातही त्याच. आम्ही दरवर्षी बक्षीस समारंभात म्हणायचो, "किती गुणी मुली आहेत, सगळ्यात पुढे!" गुणी आहेतच. पण त्यांच्याकडे साडेचार ते साडेपाच हा एक तास होता, तो बाकीच्यांकडे नव्हता. आम्ही वेळेला गुण समजत होतो.

मी मुख्याध्यापिका सिस्टरांकडे गेले. भीत भीतच गेले, कारण मला माझी चूकही सांगायची होती. सिस्टरांनी सगळं ऐकलं. काही उपदेश केला नाही. ड्रॉवरमधून वेळापत्रकाचा मोठा कागद काढला, पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, "बसा. बघू कुठे जागा निघते."

गुरुवारची चाळीस मिनिटं

हा भाग शिक्षकांसाठी जरा सविस्तर लिहिते, कारण "वेळ कुठून आणायचा?" हाच खरा प्रश्न असतो.

आमच्या रोज आठ तासिका, प्रत्येकी पस्तीस मिनिटांच्या. गुरुवारी आम्ही प्रत्येक तासिका तीस मिनिटांची केली. आठ तासिकांतून पाच-पाच मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटं सुटली. एकही तासिका रद्द झाली नाही, कुठल्याही विषयाचा तास कापला गेला नाही, आणि शाळा नेहमीप्रमाणे चार वीसलाच सुटते. तीन चाळीस ते चार वीस या वेळात पाचवी ते आठवीच्या सगळ्या मुली कुठल्या ना कुठल्या क्लबमध्ये असतात. सगळ्या म्हणजे सगळ्या.

स्टाफरूममध्ये वादळ झालं. "पोर्शन कसा संपायचा?" "घटक चाचणी तोंडावर आहे." "तीस मिनिटांत हजेरी घेऊन उरतं काय?" गणिताच्या बाई सगळ्यात जास्त चिडल्या होत्या आणि त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी असं ठरलं की गुरुवारी हजेरी फक्त परिपाठानंतर एकदाच, तासाच्या सुरुवातीला वह्या तपासायच्या नाहीत, आणि एक सत्र करून बघायचं. सत्र संपलं. पोर्शन संपला. गणिताच्या बाई आज विज्ञान मंडळाच्या हिशोबाच्या वह्या तपासतात आणि खरी कमाईत भेळ खाऊन नफा किती झाला ते विचारतात.

आणखी काही छोटे बदल केले. ते मुद्दे करून देते:

१. क्लबची निवड मार्कांवरून किंवा इंग्रजीवरून होत नाही. मुलगी तीन आवडी लिहून देते, त्यांतली एक तिला मिळते. जागा कमी आणि नावं जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकतो, मुलींच्या समोर.

२. संघनायिका, गटप्रमुख ही पदं दर सत्राला बदलतात. निवड मुलीच करतात, शिक्षक करत नाहीत.

३. शाळा सुटल्यानंतरचा सराव फक्त स्पर्धेच्या आधी, आणि तोही आठवडाभर आधी घरी चिठ्ठी पाठवून. जिला जमणार नाही तिला संघातून काढायचं नाही, मधल्या सुट्टीत किंवा सकाळी पंधरा मिनिटं आधी सराव घ्यायचा.

४. गणवेश, स्कार्फ, शिबिराची वर्गणी यांमुळे कुणी मागे राहू नये म्हणून जुने स्कार्फ शाळेच्या कपाटात जमा करतो. दहावीच्या मुली जाताना ठेवून जातात. कुणी कपाटातला घेतला, कुणी विकत घेतला, हे कुणाला कळत नाही. खरी कमाईतले थोडे पैसेही शिबिराकडे वळवतो.

५. सलग गैरहजेरी झाली तर पद काढण्याआधी तीन प्रश्न विचारायचे, आणि तेही एकटीला बाजूला घेऊन. घरी काय चाललंय? कुठली वेळ जमेल? मी काय करू शकते?

पाचवा मुद्दा मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला आहे.

पालकांचे तीन प्रश्न

वेळापत्रक बदलल्यावर पालकसभेत तीन प्रश्न आले. तुमच्याही मनात असतील.

पहिला प्रश्न: "आम्ही मुलीला शिकायला पाठवतो, दोऱ्यांच्या गाठी मारायला नाही. दहावीत याचा काय उपयोग?" काही उपयोग मार्कांत दिसतातही. शासकीय रेखाकला परीक्षा, खेळ यांचे वाढीव गुण दहावीला नियमानुसार मिळतात. पण मी त्यावर जोर देत नाही, कारण मग मुली गुणांसाठी चित्र काढायला लागतात. मी पालकांना खरी कमाईची वही दाखवते. स्वतः माल आणणं, भाव ठरवणं, अनोळखी माणसाशी बोलणं, हिशोब चुकला तर कबूल करणं, हे सगळं कुठल्या धड्याखालच्या स्वाध्यायात येतं, तुम्हीच सांगा. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी कडक भिंत नको, असंच म्हटलंय.

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: "कॉयरमध्ये त्यांची गाणी असतात. आमच्या मुलीला धर्माचं शिकवतात का?" हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचा मला राग येत नाही. विचारलेलं बरं. आमच्याकडे कॉयरमध्ये मिस्साची गाणी असतात तशी देशभक्तीपर गाणी आणि भावगीतंही असतात. कुठला क्लब घ्यायचा ते मुलगी आणि घरचे ठरवतात. धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलींसाठी वेगळा, त्या वेळी बाकीच्या मुलींना मूल्यशिक्षण. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल लहान असेल तर संमती पालकांची लागते. हे माहीत असू द्या, आणि शंका आली तर थेट येऊन विचारा. माझा अनुभव सांगते. शंका मनात ठेवणारे पालक मुलीला गुपचूप क्लबमधून काढतात, आणि तिला कारणही सांगत नाहीत. मग तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

तिसरा प्रश्न एका वडिलांचा होता: "आता आठवीत गेली, मोठी झाली. शिबिराला बाहेर राहायला कशाला पाठवायचं?" यावर माझ्याकडे मोठं भाषण नाहीये. मी त्यांना म्हटलं, "दादा, शिबिराला तुम्ही एक दिवस येऊन बघा. तंबू बघा, झोपायची सोय बघा, कोण शिक्षिका सोबत असतात ते बघा." ते आले. मुलींनी चुलीवर केलेली खिचडी खाल्ली, थोडी करपली होती. जाताना म्हणाले, "घरी हिला गॅस पेटवायची भीती वाटते." पुढच्या वर्षी त्यांनी धाकटीचंही नाव दिलं. सगळेच वडील असे येत नाहीत. दोन मुली मी त्याच वर्षी शिबिरातून गमावल्या, त्यांच्या घरी मी जाऊनही आले, उपयोग झाला नाही. तेही इथे लिहायला हवं.

तिचं पुढे काय झालं?

दिवाळीनंतर शाळा उघडली, त्या पहिल्या सोमवारी मी परिपाठानंतर सगळ्या पथकाला थांबवलं. जिथे तिचा ध्वज काढून घेतला होता तिथेच उभी राहून सांगितलं, "माझी चूक झाली. मी न विचारता शिक्षा केली. मी तिची माफी मागते." तिच्या घरचं कारण मी सांगितलं नाही, ते तिचं होतं. दोनशे मुलींसमोर माझा आवाज कापत होता. मुली एकदम शांत होत्या. ती खाली बघत होती. नंतर जिन्यात भेटली तर म्हणाली, "ठीक आहे, टीचर." एवढंच.

मला वाटलं होतं, ती आता परत संघनायिका होईल, सगळं छान होईल. तसं झालं नाही. नव्या वेळेत ती दर गुरुवारी यायला लागली, पण संघनायिकेच्या निवडीत तिने नावच दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नको टीचर, मी अशीच बरी आहे." ते वाक्य मला अजून टोचतं. एखाद्या मुलीकडून चारचौघांत काढून घेतलेली गोष्ट आपण चारचौघांत परत दिली, तरी ती घेईलच असं नाही.

मात्र पाचवीच्या नव्या मुलींना गाठी शिकवायचं काम तिने स्वतःहून घेतलं. व्हरांड्यात मांडी घालून बसायची आणि सातआठ लहान मुली तिच्याभोवती. एकदा एक मुलगी दोन आठवडे आली नाही. तर ही माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, तिच्या घरी कुणीतरी आजारी आहे. मी विचारलं. तिचं नाव काढू नका हं."

जे मला डी.एड.ला, सात दिवसांच्या शिबिरात आणि दहा वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं, ते तिने दोन आठवड्यांत केलं होतं.

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, उद्या शाळेत गेलात की तुमच्या क्लबची, मंडळाची, संघाची हजेरी एकदा काढून बघा. कोण आहे ते आपल्याला पाठ असतं. कोण नाही, ती नावं एका कागदावर लिहा, आणि त्यांतल्या एकीला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारा, शाळा सुटल्यावर तू काय करतेस? आणि पालकहो, तुमच्या मुलीला घरी लवकर यावंच लागत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त आम्हाला एक चिठ्ठी पाठवा. वेळ आम्ही शोधू. चाळीस मिनिटं निघतात, आम्ही काढून बघितली आहेत.